नावातून पत्त्याकडे : लहान कार्यालये व शाळा यांच्या संगणक-जाळ्यांतील डीएनएस सर्व्हर

बालाघाट हे नाव ऐकताच बीड किंवा धाराशिव जिल्ह्यातील वाचकाच्या मनात डोंगरांची रांग उभी राहते. गोंदिया अथवा भंडारा येथील वाचकास मात्र वैनगंगेकाठचे, मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण आठवते. खैरलांजी या नावाची एक तहसील बालाघाट जिल्ह्यात आहे आणि याच नावाचे गाव शेजारच्या भंडारा जिल्ह्यातही आहे. केवळ 'खैरलांजी' एवढेच पाकिटावर लिहिले तर पत्र कोणत्या राज्यात जावे, हे टपाल कर्मचाऱ्याने कसे ठरवावे? याच अडचणीतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोडची पद्धत सुरू झाली. संस्कृतचे विद्वान व टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे नाव या योजनेशी कायमचे निगडित झालेले आहे. बालाघाटचा पिनकोड ४८१००१ असा आहे. त्यातील पहिला अंक देशाचा मोठा विभाग सांगतो, त्यापुढील अंक क्रमाने तो विभाग लहान करीत जातात आणि शेवटचे तीन अंक नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत नेऊन पोहोचवितात.

संगणकांच्या जाळ्यातही नेमका हाच प्रश्न उद्भवतो. तेथे त्याचे जे उत्तर शोधण्यात आले, त्यास डीएनएस असे म्हणतात. पंचायत कार्यालय, शाळा, लोकसेवा केंद्र, सहकारी संस्था अशा ठिकाणी आज पाच-दहा संगणक असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मध्य प्रदेशात २०१० च्या लोकसेवा हमी अधिनियमानुसार जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांसारख्या सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक झालेले आहे व हे काम संगणकावरूनच चालते. दूरच्या गावाहून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसास "आज नेट बंद आहे, उद्या या" असे सांगितले जाते, तेव्हा पुष्कळ वेळा नेट बंद नसतेच. तार शाबूत असते, राऊटरचे दिवे लागलेले असतात, फक्त नावाचा पत्ता सांगणारा सर्व्हर उत्तर देत नसतो. हा दोष ओळखता येणे व तो होऊ नये म्हणून आधी व्यवस्था लावणे हे कार्यालयातील एखाद्या जाणत्या लिपिकास किंवा शाळेतील शिक्षकास सहज जमण्यासारखे आहे.

प्रत्येक संगणकास जाळ्यात एक अंकी पत्ता असतो. जुन्या पद्धतीत तो १९२.१६८.१.१० अशा चार भागांत लिहितात. यंत्रास अंक सोयीचे, माणसास नाव सोयीचे. प्रारंभी अमेरिकेतील संशोधन संस्थांचे जे जाळे होते, त्यात नावे आणि अंक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत ठेवली जाई व सर्वांनी तिची नक्कल आपल्याकडे उतरवून घ्यावयाची असा रिवाज होता. संगणक शेकड्यांनी वाढले, तशी ही एक यादी अपुरी पडली. रोज नवी नावे येत, दोघे एकच नाव मागत, आणि यादी उतरवून घेईपर्यंत ती जुनी झालेली असे. गावाचा सात-बारा राजधानीत ठेवून चालत नाही, तशातलाच हा प्रकार होता. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यादीचे विकेंद्रीकरण करणारी रचना मांडली. नोव्हेंबर १९८७ मध्ये तिचे नियम पक्के झाले आणि त्याच नियमांच्या पायावर आजचे सारे इंटरनेट चालते.

या रचनेत नाव उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असते. पिनकोड मोठ्या विभागाकडून लहानाकडे डावीकडून उजवीकडे जातो, येथे उलट. 'सेवा डॉट कार्यालय डॉट जीओव्ही डॉट इन' असे एखादे नाव आहे असे समजू. टोकाचे 'इन' हे भारताचे. त्याच्याही पलीकडे, कागदावर न लिहिला जाणारा एक मूळ बिंदू असतो. त्याचा कारभार ए पासून एम पर्यंतच्या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या तेरा नावांच्या मूळ सर्व्हरांकडे आहे. नावे तेरा असली तरी त्यांच्या प्रती जगभर, भारतातही, ठिकठिकाणी ठेवलेल्या आहेत. मूळ सर्व्हर फक्त एवढेच सांगतो की 'इन'ची चौकशी अमुक ठिकाणी करा. 'इन'चा सर्व्हर 'जीओव्ही डॉट इन'कडे बोट दाखवितो, तो पुढच्याकडे, आणि शेवटचा सर्व्हर अंकी पत्ता देतो. कोणालाही सर्व काही ठाऊक नसते, मात्र पुढे कोणास विचारावे हे प्रत्येकास ठाऊक असते. 'इन' हे टोक १९८९ मध्ये भारतास मिळाले. २००५ पर्यंत त्याची नोंदवही मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था सांभाळीत असे. त्यानंतर ते काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आले. सरकारी 'जीओव्ही डॉट इन'ची जबाबदारी नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर, म्हणजेच एनआयसीकडे आहे. ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' असे देवनागरी टोकही उपलब्ध असून त्यात मराठी नाव नोंदविता येते. अर्थात आतल्या आत त्याचे रूपांतर रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक मालिकेत होते, कारण मूळ यंत्रणा रोमन लिपी गृहीत धरूनच उभारलेली होती.

एवढी विचारपूस प्रत्येक वेळी करावी लागली असती तर सारे काम ठप्प झाले असते. म्हणून मिळालेले उत्तर काही काळ जवळ ठेवण्याची सोय आहे. किती काळ ठेवावे हे उत्तर देणाराच सेकंदांत सांगतो. ८६४०० म्हणजे एक दिवस. येथे नवशिक्याची हटकून फसगत होते. सर्व्हरचा अंकी पत्ता बदलावयाचा असेल तर ही मुदत आदल्या दिवशीच पाच मिनिटांवर, म्हणजे ३०० सेकंदांवर, आणून ठेवावी लागते. बदल करून झाल्यावर मुदत कमी करण्यात काही अर्थ नसतो, कारण जुने उत्तर दिवसभराच्या मुदतीने लोकांकडे आधीच जाऊन बसलेले असते. 'असे नाव नाही' हे नकारार्थी उत्तरही जवळ ठेवले जाते, हे तर पुष्कळांना ठाऊकच नसते. नवीन नाव नोंदविण्यापूर्वीच उत्साहाने ते उघडून पाहिले, तर नोंद झाल्यावरही काही वेळ 'नाव सापडत नाही' असेच दिसत राहते. नोंद आधी व तपासणी मागाहून, हा क्रम पाळल्यास व्यर्थ धावपळ वाचते.

आता लहान जाळ्याकडे वळू. बैहर किंवा लांजी येथील एखाद्या माध्यमिक शाळेत कार्यालयात दोन विंडोज संगणक, प्रयोगशाळेत सी-डॅकच्या 'बॉस' या लिनक्स प्रणालीवर चालणारे आठ संगणक, एक छापयंत्र, दोन कॅमेरे आणि शिक्षकांचे भ्रमणध्वनी एवढे साहित्य आहे असे समजा. याला मिश्र जाळे म्हणतात. त्याची खरी अडचण अशी की, प्रत्येक प्रणालीस नाव शोधण्याची स्वतःची एक वेगळी खोड असते. विंडोज संगणक जवळच्या संगणकाचे नुसते नाव दिले असता साऱ्या जाळ्यात हाक मारून विचारतो. ॲपलची यंत्रे व पुष्कळ लिनक्स संगणक 'डॉट लोकल' या टोकाची नावे आपसांत, सर्व्हरला न विचारता, शोधतात. त्यामुळे एखाद्याने भोळेपणाने आपल्या कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यास 'कार्यालय डॉट लोकल' असे नाव दिले की एका संगणकावर ते उघडते, दुसऱ्यावर उघडत नाही, आणि दोष मात्र तारेला दिला जातो. २०१३ पासून 'डॉट लोकल' हे टोक याच आपसांतील शोधासाठी राखून ठेवण्यात आलेले आहे. संस्थेच्या नावावर नोंदविलेले एखादे अधिकृत नाव असल्यास त्याखाली अंतर्गत शाखा काढणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. तसे नाव नसल्यास 'डॉट इंटर्नल' हे टोक वापरावे. आयकॅन या जागतिक संस्थेने २०२४ मध्ये ते खाजगी वापरासाठी राखीव ठरविले आहे. मनाला येईल ते टोक निवडू नये. आज जे टोक कोणाचेच नाही ते उद्या कोणा व्यापारी कंपनीचे होऊ शकते.

अशा जाळ्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. डीएनएसमास्क नावाचा एक छोटा व विनामूल्य प्रोग्रॅम एखाद्या जुन्या संगणकावर किंवा हाताच्या पंजाएवढ्या रास्पबेरी पाय या यंत्रावर उत्तम चालतो. तो संगणकांना अंकी पत्ते वाटतो, त्यांची नावे ध्यानात ठेवतो आणि बाहेरच्या नावांची चौकशी पुढे पाठवून उत्तरे जवळ साठवितो. पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी या नावाने ओळखले जाते. जाळ्यात ते काम एकानेच करावे. राऊटर व हा सर्व्हर दोघेही पत्ते वाटू लागले तर अर्ध्या संगणकांना एक डीएनएस सर्व्हर मिळतो व अर्ध्यांना दुसरा, आणि सकाळी चालणारा संगणक दुपारी चालेनासा होतो. म्हणून राऊटरमधील वाटप बंद करणे ही पहिली पायरी. सर्व्हर, छापयंत्र आणि कॅमेरे यांना मात्र कायमचे पत्ते द्यावेत. बाहेरची चौकशी कोठे पाठवावयाची हा प्रश्न सरकारी कार्यालयापुरता सुटलेला आहे. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी जून २०२२ मध्ये निघालेल्या सायबर सुरक्षा मार्गदर्शक सूचनांत एनआयसीचा १.१०.१०.१० हा डीएनएस सर्व्हर वापरण्यास सांगितलेले आहे.

दुसऱ्या डीएनएस सर्व्हरच्या रकान्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. पहिल्या रकान्यात आपला अंतर्गत सर्व्हर व दुसऱ्यात बाहेरचा एखादा सर्व्हर लिहून ठेवला म्हणजे दोन्ही सोयी झाल्या, असे वाटते. वस्तुतः पहिल्याने 'असे नाव नाही' असे सांगितले तर दुसऱ्यास कोणी विचारीत नाही; पहिला मुळी बोललाच नाही तरच दुसऱ्याकडे जातात. पहिला क्षणभर गप्प राहिला की विंडोज संगणक दुसऱ्याकडे वळतो व काही काळ त्यालाच धरून बसतो. तेवढ्या काळात शाळेचे छापयंत्र व अंतर्गत सर्व्हर त्याच्या दृष्टीने नाहीसे होतात, कारण बाहेरच्या सर्व्हरला त्यांची नावे ठाऊक असण्याचे कारणच नसते. लिनक्सच्या पारंपरिक रीतीत मात्र प्रत्येक नावासाठी आधी पहिल्याची पाच सेकंद वाट पाहिली जाते, आणि मग 'संगणक फार हळू चालतो' अशी तक्रार येते. एकाच खोलीतील दोन संगणक एकाच दोषामुळे असे दोन निराळ्या तऱ्हांनी वागतात. दुसरा सर्व्हर ठेवावयाचाच असेल तर तोही अंतर्गत असावा आणि पहिल्याइतकीच माहिती त्यास असावी. तसे शक्य नसेल तर एकच चांगला ठेवणे अधिक श्रेयस्कर.

कार्यालयात विंडोजचे ॲक्टिव्ह डिरेक्टरी हे केंद्रीय व्यवस्थापन असेल तर हा नियम आणखी कडक होतो. कर्मचाऱ्याने परवलीचा शब्द दिल्यावर तो तपासणारा सर्व्हर कोठे आहे, हेही संगणक डीएनएसलाच विचारतो. तेथे बाहेरचा सर्व्हर लिहिला गेल्यास कर्मचाऱ्यास स्वतःच्या संगणकात प्रवेश मिळणे दुरापास्त होते. अशा मिश्र जाळ्यात अंतर्गत नावांची मालकी विंडोज सर्व्हरकडेच द्यावी आणि लिनक्स संगणकांनीही त्यालाच विचारावे, हे सोयीचे पडते. मोठ्या जाळ्यात बाइंड हा जुना व भक्कम प्रोग्रॅम वापरतात. त्यात नावांच्या यादीस एक अनुक्रमांक असतो व यादीत बदल केला की तो वाढवावा लागतो. दिनांकावरून २०२५०८१५०१ अशा रीतीने तो लिहिण्याची पद्धत सोयीची आहे. शेवटचे दोन अंक त्या दिवसातील कितवा बदल ते सांगतात. अनुक्रमांक वाढविण्याचे विसरले तर दुय्यम सर्व्हर नवी यादी मुळीच उचलीत नाही.

ग्रामीण भागात सर्वांत अधिक छळणारा दोष मात्र या कशातच नसतो. तो असतो घड्याळात. डीएनएसची उत्तरे खोटी असू शकतात, म्हणून त्यांवर सांकेतिक स्वाक्षरी करण्याची पद्धत निघाली. जुलै २०१० मध्ये मूळ सर्व्हरांच्या नोंदींवरही अशी स्वाक्षरी होऊ लागली. स्वाक्षरीस आरंभाची व अखेरची तारीख असते. स्वाक्षरी तपासणारा सर्व्हर आपल्या घड्याळाकडे पाहून ती ग्राह्य की अग्राह्य हे ठरवितो. पावसाळ्यात रात्री वीज जाते, सकाळी येते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बटणासारखा सेल संपलेला असतो. रास्पबेरी पायच्या अनेक नमुन्यांत तर असे घड्याळच नसते. यंत्र सुरू होते तेव्हा ते कित्येक महिने किंवा वर्षे मागच्या तारखेत वावरत असते. त्याच्या दृष्टीने प्रत्येक स्वाक्षरी भविष्यकाळातील, म्हणून अग्राह्य. सारी नावे एकाच वेळी बंद. खरी वेळ विचारावी, तर वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचेही नावच लिहून ठेवलेले असते, आणि नाव तर सुटत नाही! किल्ली आत व कुलूप बाहेर, अशी ही स्थिती. तीस रुपयांच्या आसपासचा सेल बदलणे हा यावरील पहिला उपाय. वेळेच्या सर्व्हरचा किमान एक अंकी पत्ता लिहून ठेवणे हा दुसरा. हे दोन्ही होईपर्यंत घड्याळ हाताने लावले तरी जाळे तत्काळ सुरू होते. तंत्रज्ञास तालुक्याहून बोलावण्यापूर्वी सर्व्हरची तारीख पाहण्यास अर्धा मिनिट लागतो.

दोष नावाचा की तारेचा, हे ठरविण्याची रीत विद्यार्थ्यांनाही शिकविता येईल. आज्ञांच्या खिडकीत 'पिंग' ही आज्ञा देऊन प्रथम राऊटरचा अंकी पत्ता, मग बाहेरचा एखादा अंकी पत्ता व शेवटी एखादे नाव तपासावे. अंक उत्तर देतात व नाव देत नाही, तर तार ठीक आहे, दोष डीएनएसचा. राऊटरच बोलत नसेल तर डीएनएसचा विचार करण्याचे कारण नाही. काही सर्व्हर 'पिंग'ला मुद्दामच उत्तर देत नाहीत, तेव्हा एका पत्त्यावरून निष्कर्ष काढू नये. पुढची पायरी 'एनएसलुकअप' या आज्ञेची. ती विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते आणि उत्तर कोणत्या सर्व्हरने दिले हेही सांगते. तिला नावापुढे सर्व्हरचा पत्ता देऊन आधी आपल्या व नंतर एनआयसीच्या सर्व्हरला तोच प्रश्न विचारावा. एकाचे उत्तर येते व दुसऱ्याचे येत नाही, तेवढ्यावरून दोष कोठे आहे ते कळते. एखाद्या शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवरच शाळेचा सर्व्हर दिसत नसेल तर त्यातील 'प्रायव्हेट डीएनएस'ची मांडणी पाहावी. २०१८ नंतरच्या अँड्रॉइड प्रणालीत ती सोय आहे, आणि तीत बाहेरच्या सर्व्हरचे नाव घातलेले असल्यास भ्रमणध्वनी शाळेच्या सर्व्हरला विचारीतच नाही. अलीकडील ब्राउझरांतही अशीच मांडणी आढळते.

नावाचा पत्ता सांगणारा ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्व काही, हे चोरांनाही ठाऊक आहे. 'डीएनएस चेंजर' या नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगातील सुमारे चाळीस लाख संगणकांतील डीएनएसचा रकानाच बदलून टाकला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने त्या टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतले. ते एकदम बंद केले असते तर लक्षावधी निरपराध लोकांचे इंटरनेट थांबले असते, म्हणून त्यांच्या जागी ९ जुलै २०१२ पर्यंत तात्पुरते सर्व्हर चालविण्यात आले. या प्रकारात वापरणारा अचूक नाव लिहितो आणि तरीही पोहोचतो तो खोट्या बँकेच्या दारात. पेन्शन किंवा शिष्यवृत्ती ज्या खात्यावर जमा होते, त्याचा परवलीचा शब्द अशा ठिकाणी गेल्यास होणारे नुकसान एखाद्या कुटुंबास वर्षभर भोवू शकते. राऊटरबरोबर आलेला मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा आणि राऊटरमधील डीएनएसचा रकाना महिन्यातून एकदा उघडून पाहावा. आपला सर्व्हर केवळ आपल्याच जाळ्यास उत्तर देतो ना, हेही तपासावे. ५३ क्रमांकाचे द्वार बाहेरच्या जगास उघडे राहिले तर दुष्ट लोक त्याचा उपयोग तिसऱ्यावर माऱ्यासाठी करतात. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाऊस या संस्थेवर झालेल्या प्रचंड माऱ्यात असेच जगभरचे उघडे राहिलेले सर्व्हर वापरले गेले. त्यांच्या मालकांस याची गंधवार्ताही नव्हती.

लहान कार्यालयात चुका होतात तशा मोठ्यांतही होतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद पडले, ते देखभालीतील एका चुकीमुळे त्या कंपनीचे डीएनएस सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाल्यामुळे. सारे डीएनएस सर्व्हर एकाच दोरीला बांधले तर ती दोरी तुटताच काय होते, याचे हे ठळक उदाहरण ठरले. गावपातळीवर याचा अर्थ एवढाच की, दोन अंतर्गत सर्व्हर ठेवल्यास ते एकाच विजेच्या बोर्डावर व एकाच यूपीएसवर नसावेत.

शेवटी नोंदींविषयी. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक-व्यवस्थांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या असतात आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावयाची असतात. यासोबत एक साधी कागदी वहीही असावी. कोणत्या यंत्रास कोणता कायमचा पत्ता दिला, अंतर्गत टोक कोणते निवडले, बाहेरची चौकशी कोणाकडे जाते, सेल केव्हा बदलला आणि राऊटरमध्ये शेवटचा बदल कोणत्या तारखेस कोणी केला, एवढे तीत लिहिलेले असावे. परवलीचे शब्द तीत लिहू नयेत. ते बंद लिफाफ्यात मुख्याध्यापक अथवा कार्यालय-प्रमुख यांच्या कपाटात असावेत. संबंधित कर्मचाऱ्याची बदली झाल्यास किल्ल्या व दप्तर यांच्या हस्तांतरणाबरोबर ही वही आणि तो लिफाफाही नव्या कर्मचाऱ्याच्या स्वाधीन करून दोघांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात, आणि लिफाफ्यातील शब्द त्याच दिवशी बदलावेत.